आरशात न दिसलेला चेहरा : सॉमरसेट मॉम यांचे एक चित्र

बाप्पाची मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचे सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत शेवटी येते. माती, साचा, रंग, दागिने असे सारे झाले की तो बारीक कुंचला घेऊन डोळ्यांची आखणी करायला बसतो. तोवर समोर असते ती माती. डोळे आखले की तीच माती आपल्याकडे पाहू लागते. बाप्पाचे एक बरे आहे. मूर्ती कशीही साकारली तरी ते कारागिराला नावे ठेवत नाहीत, दहा दिवस सगळ्यांचे कौतुक सोसतात आणि आपल्या गावाला जातात. माणसाचे चित्र काढणाऱ्या चित्रकाराला मात्र ही सवलत नसते. ज्याचे चित्र काढले तो समोर उभा असतो, आणि त्याला स्वतःच्या चेहऱ्याविषयी ठाम मते असतात.

आमच्या घरी ही गोष्ट आम्ही अनुभवली आहे. आजोबा नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले, पुढे कडोदऱ्याला स्थिरावले. पंचाहत्तरीला आम्ही त्यांचा मोठा फोटो काढून घेतला. फोटो पाहून ते नाराज झाले. एवढ्या सुरकुत्या आपल्याला नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. फोटोवाल्याने मग हात फिरवून चेहरा गुळगुळीत करून दिला. आजोबा खूश झाले. आज तोच फोटो भिंतीवर आहे, हारासह. पण घरातली लहान मुले अधूनमधून विचारतात, हे कोण? ज्या चेहऱ्याने आम्हाला वाढवले तो त्या चौकटीत नाही. पहिली प्रत कुणी जपून ठेवली नाही.

या वर्षी स्मरणिकेसाठी काय लिहावे, असा विचार करत असताना आम्हाला एका मोठ्या कादंबरीकाराची आठवण झाली. त्याचे चित्र असेच निघाले, त्यालाही ते पाहून धक्का बसला, पण पुढे त्याने जे केले ते आम्हाला जमले नव्हते. हे कादंबरीकार म्हणजे विल्यम सॉमरसेट मॉम. आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत त्यांची इंग्रजी पुस्तके हमखास असायची. आजच्या मुलांना नाव ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे सुरुवातीपासून सांगतो.

दोन भाषांमधला मुलगा

मॉम यांचा जन्म २५ जानेवारी १८७४ रोजी पॅरिसमध्ये झाला, तोही तिथल्या ब्रिटिश वकिलातीत. फ्रान्सच्या भूमीवर जन्मणाऱ्या परदेशी मुलांना पुढे सक्तीने सैन्यात घेता यावे, असा कायदा तिथे येऊ घातला होता. वकिलातीची जागा इंग्लंडची मानली जाई, म्हणून आईवडिलांनी ही तजवीज केली. वडील तिथेच कायद्याचे काम पाहत. घरात पैसा होता, आई सुंदर आणि प्रेमळ होती. लहानगा विली फ्रेंच बोलत वाढला. कागदोपत्री इंग्रज, जिभेवर फ्रेंच.

त्याच्या आठव्या वाढदिवसानंतर आठवडाभरातच आई गेली. तिला क्षय होता आणि नुकतेच बाळंतपण झाले होते. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, वडीलही कर्करोगाने गेले. दहा वर्षांच्या पोरक्या मुलाला इंग्लंडमध्ये व्हिट्स्टेबल नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी काकांकडे पाठवण्यात आले. काका चर्चचे पाद्री होते, मूलबाळ नव्हते, आणि घरात मायेपेक्षा शिस्त जास्त होती.

मग आली कँटरबरीची किंग्ज स्कूल. तिथे त्याच्या फ्रेंच वळणाच्या इंग्रजीला मुले हसत. त्यात तो अडखळत बोलू लागला. शब्द ओठांवर यायचा आणि तिथेच अडकून बसायचा. हे तोतरेपण त्यांना आयुष्यभर पुरले. कडोदऱ्याच्या आपल्या घरांतून ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आपली मुले शाळेत गुजराती बोलतात, घरी मराठी, आजीशी अहिराणी. सुटीत गावी गेली की तिथली भावंडे त्यांच्या बोलण्यातला एखादा गुजराती शब्द पकडून हसतात. बहुतेक मुले हसण्यावारी नेतात. एखादे मूल मात्र त्या दिवसापासून गप्प होते आणि नुसते पाहत राहते. विली त्या जातीचा होता. बोलता येत नाही म्हणून तो पाहायला शिकला, आणि पाहिलेले कागदावर उतरवायला.

एक वस्तू तेवढी त्याने जवळ ठेवली. आईचा फोटो. तो आयुष्यभर त्यांच्या उशाशी राहिला. मॉम यांच्या आयुष्यात पुढे अनेक चित्रे आली, पण त्यांची गोष्ट सांगताना हा फोटो विसरून चालणार नाही.

दवाखान्यातून रंगभूमीवर

शाळेनंतर जर्मनीत हायडेलबर्गला काही काळ काढून मॉम लंडनला सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकी शिकू लागले. शिकाऊ डॉक्टर म्हणून त्यांना लॅम्बेथच्या गरीब वस्तीत बाळंतपणे करायला जावे लागे. अरुंद गल्ल्या, एका खोलीत कोंबलेली कुटुंबे, दारू, मारहाण, आणि त्यातही टिकून राहिलेला माणसांचा हसरेपणा त्यांनी जवळून पाहिला. त्यावरच १८९७ मध्ये त्यांची पहिली कादंबरी 'लिझा ऑफ लॅम्बेथ' आली. त्याच वर्षी ते डॉक्टरही झाले. कादंबरीला बऱ्यापैकी यश मिळाल्याबरोबर त्यांनी वैद्यकी सोडली. पुढची दहा वर्षे ओढगस्तीची गेली.

नंतर नाटकांनी हात दिला. १९०८ मध्ये लंडनमध्ये एकाच वेळी त्यांची चार नाटके चालू होती. 'पंच' या विनोदी साप्ताहिकात तेव्हा एक व्यंगचित्र आले. नाटकांच्या जाहिरातींसमोर उभा राहून खुद्द शेक्सपिअर चिंतेने नखे खातो आहे, असे ते चित्र होते. पैसा आला, नाव झाले. तरी लहानपण मनातून जात नव्हते. ते सारे त्यांनी एका मोठ्या कादंबरीत उतरवले. 'ऑफ ह्यूमन बॉण्डेज' ही कादंबरी १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक पोरका आहे, पाद्री काकांकडे वाढतो, शाळेत हेटाळणी सोसतो. फरक एवढाच की तो तोतरा नाही, त्याचा पाय जन्मतः वाकडा आहे. आपले व्यंग मॉम यांनी जिभेवरून काढून पायात घातले. स्वतःचे चित्र काढतानाही त्यांनी एक पडदा ठेवला होता, तो असा.

पडदे आणखीही होते. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात गेले, आणि नंतर लेखक म्हणून वावरत स्वित्झर्लंड आणि रशियात ब्रिटिशांचे गुप्त हेर म्हणून काम केले. १९१७ मध्ये सिरी वेलकम यांच्याशी त्यांचे लग्न झाले. लिझा ही त्यांची एकुलती एक मुलगी. संसार काही जमला नाही, १९२९ मध्ये घटस्फोट झाला. मॉम यांचा ओढा पुरुषांकडे होता, आणि त्या काळच्या इंग्लंडात तो तुरुंगात पाठवणारा गुन्हा होता. ते एकवीस वर्षांचे असताना ऑस्कर वाइल्डची काय दशा झाली, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा चेहऱ्यावर काही दिसू न देणे ही त्यांच्या बाबतीत नुसती सवय नव्हती, जगण्याची गरज होती.

दुसऱ्यांची चित्रे काढणारा माणूस

मॉम यांना चित्रकलेचे वेड होते. गोगँ या फ्रेंच चित्रकाराच्या आयुष्यावरून त्यांना एक कादंबरी सुचली. संसार, नोकरी सोडून चित्रांसाठी ताहितीला जाणाऱ्या माणसाची ती गोष्ट. त्यासाठी ते स्वतः ताहितीला गेले. तिथे एका झोपडीत त्यांना गोगँने रंगवलेले काचेचे दार सापडले. घरवाल्याला नवे दार बसवण्यापुरते पैसे हवे होते. मॉम यांनी त्याच्या दुप्पट देऊन ते दार उचलले आणि घरी आणले. १९१९ मध्ये 'द मून अँड सिक्सपेन्स' ही कादंबरी आली.

१९२७ च्या सुमारास ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काप फेरा येथे राहायला गेले. त्यांच्या घराचे नाव व्हिला मॉरेस्क. दाराशी एक मूरिश चिन्ह होते. दृष्ट लागू नये म्हणून वापरायचे हे चिन्ह त्यांच्या वडिलांनी मोरोक्कोहून आणले होते. तेच चिन्ह त्यांच्या पुस्तकांवरही छापले जाई. घराच्या गच्चीवर लिहिण्याची खोली होती. तिच्या खिडकीतून समुद्र फार सुंदर दिसे, म्हणून लिहिताना मन तिकडे जाऊ नये यासाठी ती खिडकीच त्यांनी बंद करवली. गोगँचे दार मात्र त्याच खोलीत बसवले. रोज सकाळी जेवणाच्या वेळेपर्यंत ते लिहीत. पाहुणे कितीही मोठे असले तरी त्यात बदल नसे.

लेखकाची तीक्ष्ण नजर आसपासच्या माणसांना महागात पडते. १९३० मध्ये 'केक्स अँड एल' प्रसिद्ध झाली. तिच्यात ॲलरॉय किअर नावाचा एक कादंबरीकार आहे. गुण बेताचे, पण ओळखी जोडण्यात, मोठ्यांच्या पुढेपुढे करण्यात पटाईत. ह्यू वॉलपोल हे त्या काळचे लोकप्रिय कादंबरीकार आणि मॉम यांचे स्नेही. एका रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी हे पुस्तक सहज हातात घेतले. कपडे अर्धवट उतरवलेले, तसेच पलंगाच्या कडेला बसून ते वाचत राहिले. किअर म्हणजे आपणच, हे त्यांना पानोपानी कळत गेले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मॉम यांनी तेव्हा साफ कानांवर हात ठेवले. वॉलपोल १९४१ मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षांनी मॉम यांनी एका प्रस्तावनेत कबूल केले की ते पात्र रंगवताना वॉलपोलच डोळ्यांपुढे होते.

आपले खरे चित्र अचानक समोर आल्यावर माणसाचे काय होते, हे मॉम यांनी असे दुसऱ्याला दाखवले होते. त्यांची स्वतःची पाळी अजून यायची होती.

तसे त्यांची चित्रे कुणी काढली नव्हती असे नाही. जेराल्ड केली हे त्यांचे तरुणपणापासूनचे चित्रकार मित्र. त्यांनी मॉम यांना पुन्हापुन्हा रंगवले. १९११ मधल्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात मॉम उंच टोपी घालून, हातात काठी घेऊन ऐटीत बसले आहेत. लंडनमध्ये नाटके गाजत असलेला, नीटनेटका, थोडा मिस्कील तरुण. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मित्राने मित्राचे काढावे तसे ते चित्र आहे. त्यावरून कुणाला काही बोच लागण्याचे कारण नव्हते.

कादंबरीतले श्रीगणेश

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३८ मध्ये मॉम भारतात आले. तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमात ते गेले असताना त्यांना अचानक भोवळ आली. त्यांना एका खोलीत निजवले होते, तेव्हा महर्षी स्वतः तिथे येऊन शांतपणे त्यांच्याजवळ बसले. दोघांत फारसे बोलणे झाले नाही. ज्या माणसाला आयुष्यभर बोलण्याचीच धास्ती होती, त्याला इथे कुणीतरी न बोलता भेटले.

त्या भेटीचा ठसा १९४४ च्या 'द रेझर्स एज' या कादंबरीवर उमटला. नाव कठोपनिषदातल्या सुरीच्या धारेच्या उपमेवरून घेतलेले. लॅरी नावाचा अमेरिकन तरुण युद्धात मित्राचा मृत्यू पाहून अस्वस्थ होतो आणि अर्थ शोधत फिरतो. त्याचे जहाज मुंबईला लागते, तो घारापुरीची लेणी पाहतो आणि जहाजावर परत न जाता इथेच राहतो. पुढे दक्षिणेत त्याला गुरू भेटतात. या गुरूंना मॉम यांनी नाव दिले आहे श्रीगणेश! कादंबरीतल्या सगळ्या माणसांकडे मॉम थोड्या तिरकस नजरेने पाहतात. श्रीगणेशांकडे पाहताना मात्र ती नजर निवळते.

ही कादंबरी त्यांनी घरापासून दूर राहून लिहिली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्यांना कोळशाच्या बोटीतून, शेकडो निर्वासितांबरोबर, सुमारे तीन आठवड्यांचा हालाचा प्रवास करून बाहेर पडावे लागले होते. युद्धाची वर्षे अमेरिकेत गेली. १९४६ मध्ये ते परत आले आणि मोडतोड झालेले घर त्यांनी पुन्हा उभे केले. तेव्हा वय होते बहात्तर.

काटेरी झाडांचा चित्रकार

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. ग्रॅहम सदरलंड यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे मॉम यांच्यापेक्षा ते जवळजवळ तीस वर्षांनी लहान. सुरुवातीला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी, मग कलाशाळा, मग वेल्सच्या किनाऱ्यावरची निसर्गचित्रे. वाकडी मुळे, झिजलेले खडक, काटेरी झुडपे ही त्यांची आवडती. युद्धात सरकारने त्यांना चित्रकार म्हणून नेमले, तेव्हा बाँबने कोसळलेल्या इमारतींचे सांगाडे त्यांनी रंगवले. माणसांची व्यक्तिचित्रे हा त्यांचा प्रांत नव्हता.

युद्धानंतर ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊ लागले. तिथे मॉम यांची ओळख झाली. व्यक्तिचित्र काढायचेच तर असा चेहरा काढावा, असे काहीसे ते सहज बोलून गेले. बोलणे मॉम यांच्या कानावर गेले आणि त्यांनी मनावर घेतले. १९४९ मध्ये व्हिला मॉरेस्कमध्ये सुमारे दहा बैठका झाल्या. मॉम बसत, सदरलंड रेखाटने करत. रंगकाम त्यांनी नंतर आपल्या ठिकाणी केले.

सदरलंड चेहऱ्याकडे एखाद्या झाडाच्या खोडाकडे किंवा खडकाकडे पाहावे तसे पाहत. ऊनपावसाने खडकावर रेघा पडतात, तशा वर्षांनी चेहऱ्यावर पडतात. खडकाची रेघ कुणी पुसून काढत नाही, मग चेहऱ्याची का पुसावी? खुशामत करायची म्हणून त्यांनी काही गाळले नाही आणि टोचायचे म्हणून काही घुसडले नाही.

तयार झालेले चित्र साधारण साडेचार फूट उंच आणि दोन फूट रुंद आहे. एवढ्या चिंचोळ्या चौकटीत मॉम वेताच्या एका साध्या आसनावर बसले आहेत. पायावर पाय, हातांची घडी, गळ्याशी रुमाल. मागे ना घर ना समुद्र, नुसता दाट पिवळा रंग. अगदी वर ताडाच्या पानांची किनार डोकावते. मलाया, चीन, दक्षिण समुद्राची बेटे, ज्या प्रदेशांनी त्यांना कथा पुरवल्या त्यांची तेवढीच खूण. हनुवटी थोडी वर उचललेली आहे. ओठांची टोके खाली ओढलेली. डोळ्यांखाली पिशव्या, गालांवर घड्याच घड्या. डोळे अर्धे मिटलेले, पण झोपाळू नाहीत. हा माणूस समोरच्याला नीट ओळखून आहे, त्याला आता कशाचे नवल वाटत नाही आणि तो कुणाला माफ करेलच असे नाही, असे ते चित्र पाहताना वाटते. आणि थोडे थांबून पाहिले की त्या घडी घातलेल्या हातांत एक पोरकेपणही दिसू लागते, जणू थंडी वाजणारे मूल स्वतःलाच धरून बसले आहे.

धक्का

मॉम यांनी चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना धक्का बसला. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. आपण असे दिसतो, याची त्यांना कल्पना नव्हती. नाव ठेवायला कारणे हवी तेवढी होती. चित्रकार व्यक्तिचित्रांत नवखा, शैली आधुनिक. नाकारले असते तर कुणी दोष दिला नसता. मित्रही त्यांच्याच बाजूने उभे राहिले असते. जेराल्ड केली यांना ते चित्र मुळीच रुचले नाही. त्यात मॉम शांघायमधल्या एखाद्या कुंटणखान्याच्या मालकिणीसारखे दिसतात, असा शेरा त्यांनी मारला. केली त्या वेळी रॉयल अकादमीचे अध्यक्ष होते, तेव्हा शेरा सगळीकडे झाला.

मॉम यांनी मात्र चित्र परत पाठवले नाही, झाकून ठेवले नाही, बदल करायला सांगितले नाही. ते त्याच्याकडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांच्या लक्षात येत गेले की या माणसाने आपल्याला आरशापेक्षा जास्त पाहिले आहे. आरशात आपण तेवढेच पाहतो जेवढे पाहायची आपली तयारी असते. आयुष्यभर आपण दुसऱ्यांचे केले तेच याने आपले केले, हे त्यांच्यासारख्या लेखकाला कळायला वेळ लागणार नव्हता. वॉलपोल यांची ती रात्र त्यांना तेव्हा आठवली की नाही, हे त्यांच्या मनालाच ठाऊक. आम्हाला मात्र ती आठवल्याशिवाय राहत नाही. वॉलपोल यांच्या वाट्याला पुस्तकातली टवाळी आली होती, मॉम यांच्या वाट्याला निदान टवाळी नव्हती. सत्य होते.

चित्र त्यांनी मुलगी लिझा हिला दिले, आणि १९५१ मध्ये तिने ते टेट संग्रहालयाला देऊन टाकले. म्हणजे जे चित्र पाहून आपण दचकलो ते चित्र साऱ्या जगाने पाहावे, याला मॉम यांची हरकत नव्हती.

ही गोष्ट किती अवघड होती, हे तीन वर्षांनी कळले. मॉम यांच्या चित्रामुळे सदरलंड यांचे व्यक्तिचित्रकार म्हणून नाव झाले होते. विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी त्यांना चित्र भेट द्यायचे ठरवले आणि काम सदरलंड यांना दिले. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये समारंभ झाला. चर्चिल यांना चित्र आवडले नव्हते. त्यात त्यांना आपले थकलेले म्हातारपण दिसले. व्यासपीठावरून त्यांनी आधुनिक कलेवर एक तिरकस टोला मारला आणि सभागृह हसले. चित्र घरी गेले ते पुन्हा कुणाला दिसलेच नाही. पुढे १९७८ मध्ये, चर्चिल यांच्या पत्नीच्या निधनानंतर, उघड झाले की ते चित्र त्यांनी केव्हाच नष्ट करवले होते. नवऱ्याला त्रास होतो, एवढेच कारण. पत्नीच्या मायेलाही आम्ही नावे ठेवत नाही. आमच्या आजोबांच्या सुरकुत्या पुसायला सांगताना आमच्याही मनात दुसरे काही नव्हते.

शेवटची वर्षे

म्हणून मॉम यांना साधुसंत ठरवायचे कारण नाही. १९४७ मध्ये त्यांनी तरुण लेखकांना प्रवास करता यावा म्हणून पुरस्कार सुरू केला, तो आजही दिला जातो. १९६१ मध्ये तो व्ही. एस. नायपॉल यांना मिळाला होता. ही त्यांची एक बाजू. दुसरी बाजू कडवट होती. १९६२ मध्ये त्यांनी आपला चित्रसंग्रह लिलावात काढला, त्यात ताहितीचे ते दारही होते. काही चित्रांवर लिझाने हक्क सांगितला आणि बापलेकीचे भांडण न्यायालयात गेले. वयाची नव्वदी जवळ आलेल्या मॉम यांनी तिला मुलगी मानायलाच नकार दिला आणि सचिव ॲलन सर्ल यांना दत्तक घेऊ पाहिले. न्यायालयाने ते मानले नाही. त्याच वर्षी त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यांत वारलेल्या पत्नीवर असे काही लिहिले की जुने मित्रही दुरावले. स्मृती जात चालली होती, संताप वाढत होता.

सदरलंड यांच्या चित्रातले ते खाली ओढलेले ओठ पाहिले की वाटते, चित्रकाराला हे सारे तेरा वर्षे आधी दिसले होते की काय. चित्र मान्य करणे आणि स्वभाव बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मॉम यांना जमली, दुसरी जमली नाही.

१६ डिसेंबर १९६५ रोजी नीस येथे, एक्याण्णवव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रक्षा कँटरबरीला नेली आणि किंग्ज स्कूलमध्ये, त्यांच्याच नावाच्या ग्रंथालयाजवळ विसर्जित केली. ज्या शाळेत त्यांच्या बोलण्याला हसले गेले, तिथेच ते परतले. त्याच शाळेला त्यांनी पुढे मोठ्या मनाने मदत केली होती. उशाशी शेवटपर्यंत आईचा फोटो होता. त्या फोटोपुढे मात्र त्यांना कुठला पडदा लागला नसावा.

आपल्या भिंतीवरचे चेहरे

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कडोदऱ्याला आलेल्या पहिल्या पिढीचा एखादा फोटो असेल. मिलच्या पाळीवरून आलेला बाप, चार रस्त्यावर भाजी घेऊन परतणारी आई. ती माणसे कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहत, हसत नसत. त्यांच्या चेहऱ्यावर जी ओढ, जो थकवा, जी थोडी भीती दिसते, ती पुसून टाकायचा मोह होतो. आता तर फोनवर एका बोटाने ती पुसता येते.

आम्ही एक केले आहे. आजोबांच्या एका जुन्या रेशनकार्डावरचा, कोपरा फाटलेला फोटो शोधून काढला. त्यात ते चाळिशीचे आहेत, दाढी वाढलेली, कपाळावर आठी. तो मोठा करून घेतला, कुठेही हात फिरवू दिला नाही, आणि हार घातलेल्या गुळगुळीत फोटोच्या शेजारी लावला. दोन्ही राहू दे, असे ठरले. एक आजोबांना आवडणारा आणि दुसरा आजोबांचा. लहान मुलांनी पहिल्या दिवशी त्या दुसऱ्या फोटोकडे बराच वेळ पाहिले. मग धाकटी म्हणाली की हे तर बाबांसारखे दिसतात.

यंदा मंडपात आरतीला उभे राहाल तेव्हा बाप्पाच्या डोळ्यांकडे जरा निरखून पाहा. कारागिराने ते शेवटी आखले आहेत, आणि ते आपल्याकडे पाहत आहेत, आपण जसे आहोत तसे.

गणपती बाप्पा मोरया!